किनाऱ्यावर जाण्याआधी तिथी पाहावी

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बाणकोटच्या खाडीच्या मुखाजवळ हरिहरेश्वरचे देऊळ आहे. दर्शन झाले की भाविक मागच्या डोंगराला वळसा घालून प्रदक्षिणेला निघतात. ही वाट आधी डोंगर चढते, मग कातळातल्या अरुंद घळीतून पायऱ्या उतरते आणि थेट समुद्रकाठच्या खडकांवर येते. लाटांनी कोरलेल्या या खडकांवरून पुढे चालता येते ते फक्त ओहोटीला. भरतीला तिथे लाटा आदळत असतात आणि वाट बंद होते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचेही असेच आहे. पाणी उतरलेले असताना लोक चालत किल्ल्यात जातात, पाणी चढले की होडी करावी लागते. या दोन ठिकाणी समुद्राला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, हे सर्वांना मान्य आहे. पण दापोली, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्लीला निघताना हेच आपण विसरतो. सुट्टी पाहतो, खोली पाहतो, घाटातला रस्ता पाहतो, मासळी कुठे चांगली मिळते तेही विचारून ठेवतो. त्या दोन दिवसांत पाणी केव्हा चढणार आणि केव्हा उतरणार, हे मात्र क्वचितच कुणी पाहते. कोकणच्या किनाऱ्यावर मिळणारा आनंद, तिथली सुरक्षितता आणि त्या किनाऱ्याचे आयुष्य या तिन्ही गोष्टी समुद्राच्या वेळेशी बांधलेल्या आहेत. म्हणून ती वेळ वाचता येणे ही किनाऱ्यावरच्या पर्यटनाची पहिली पायरी आहे, असे मला वाटते.

ही वेळ वाचायला कठीण नाही, आणि मराठी घरात तिचे साधन आधीपासून भिंतीवर टांगलेले असते. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि त्याच्याबरोबर भरतीही तेवढीच पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते. कोकणात यासाठी एक सोपा हिशेब चालत आला आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. पहाटे आणि दुपारी, किंवा सकाळी आणि रात्री, असा हा आकडा दिवसातून दोनदा लागू होतो आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटी मिळते. जुन्या शाळेत पाऊणकी पाठ केलेल्या पिढीला तर कागदही लागत नाही. या हिशेबात काही मिनिटांचा फरक पडतो, शिवाय दक्षिणेकडच्या बंदरांत भरती मुंबईच्या थोडी आधी येते. त्यामुळे जीव ज्यावर अवलंबून आहे असा निर्णय केवळ त्यावर घेऊ नये. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते आहेत. पण सहलीचा बेत आखायला तिथीची पाऊणपट पुरेशी आहे.

या साध्या गणितातून किती गोष्टी उलगडतात ते पाहण्यासारखे आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आगेमागे येत असेल, तर पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येणार. म्हणजे पुळण सर्वांत रुंद, ओली आणि घट्ट असते ती नेमकी सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला. लांब चालायचे असेल, मुलांना वाळूत खेळू द्यायचे असेल, अनवाणी धावायचे असेल, तर हे दिवस उत्तम. शिवाय ही उधाणाची भरती-ओहोटी असते. सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत आल्याने पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते, म्हणून एरवी न दिसणारे खडकही उघडे पडतात. अष्टमीला उलट घडते. त्या दिवशी भांगाची भरती असते, पाणी चढतेही थोडे आणि उतरतेही थोडे, आणि संध्याकाळी सहाला ते काठाशी आलेले असते. त्या संध्याकाळी फिरायला वाळू कमी उरते. पण भांगाच्या दिवसांत पाण्याची धाव मंद असते आणि तळाचा गाळही कमी ढवळला जातो, म्हणून पाण्याखाली पाहायचे असेल तर हेच दिवस बरे. खाडीत कयाक किंवा वल्ह्यांची होडी घेऊन जायचे असेल, तर चढत्या पाण्याबरोबर आत जावे आणि उतरत्या पाण्याबरोबर परतावे. निम्मे कष्ट समुद्रच करतो. एकाच गावात एकाच खोलीत उतरलेल्या दोन कुटुंबांना पंधरवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी दोन निराळे किनारे मिळतात, ते असे.

याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. 24 मे 2022 रोजी, हंगाम संपत आलेला असताना, तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. अशा बातम्या आल्या की आपण पर्यटकांच्या बेफिकिरीला दोष देतो. पण पोहणाऱ्याला पाणी कुठे आणि केव्हा ओढते हे आधी कुणी सांगितलेले नसते, हा भाग सुटून जातो. सहा तासांच्या ओहोटीत पाणी एकसारखे उतरत नाही. पहिल्या तासात थोडेच उतरते, आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे निघून जाते. भरती नुकतीच संपलेली असते, पाणी काठाशी भरलेले आणि पोहण्यासारखे दिसते, आणि तासा-दीड तासात त्याची ओढ वाढू लागते. खाडीच्या मुखाशी ही ओढ सर्वांत जास्त असते, कारण आत शिरलेले सगळे पाणी त्या एका अरुंद तोंडातून बाहेर पडत असते. मोकळ्या किनाऱ्यावर निराळा धोका असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना एखाद्या चिंचोळ्या वाटेने वेगाने आत धावते. फुटणाऱ्या पांढऱ्या लाटांच्या मध्ये एखादा शांत, गडद पट्टा दिसतो तो बहुधा हाच असतो, आणि तो शांत दिसतो म्हणूनच नवखा माणूस पोहायला तीच जागा निवडतो. या प्रवाहात सापडल्यावर सरळ किनाऱ्याकडे झटापट करू नये, दम संपतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाच्या बाहेर आल्यावर मग काठाकडे वळावे. दहा ओळींत मावणारी ही माहिती कोकणात निघालेल्या प्रत्येक बसमध्ये आणि प्रत्येक कॉलेजच्या सहलीआधी सांगितली गेली पाहिजे.

समुद्राची वेळ भीतीपोटीच पाळावी असे मात्र नाही. त्या वेळेत एक मोठे जग उघडते. पाणी उतरले की खडपांमध्ये लहान लहान डबकी राहतात आणि त्यांत शंख, खेकडे, समुद्रफुले, छोटे मासे अडकलेले असतात. खाडीकाठी बायका कालवे फोडायला आणि तिसऱ्या वेचायला उतरतात. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी उमटते. एक इवलासा खेकडा वाळू तोंडातून चाळून त्यातले अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूच्या त्या गोळ्या असतात. पुढच्या भरतीला सगळी नक्षी पुसली जाते. हे पाहायला तिकीट लागत नाही, फक्त योग्य वेळ लागते. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरातही 2017 पासून ‘मरिन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातून लोकांना ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यांवर नेऊन तिथले जीव दाखवले जातात. फेरीची वेळ पाणी ठरवते, आणि तरी शहरातले लोक येतात. सामान्य माणसाला समुद्राची वेळ पाळायला सांगितले तर तो कंटाळेल, ही समजूत त्यामुळे खरी वाटत नाही.

दिवसाच्या घड्याळासारखेच वर्षाचेही एक घड्याळ आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात रात्री कोकणच्या पुळणीवर येऊन भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करतात आणि शंभरेक अंडी घालून परत जातात. साधारण पन्नासेक दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, पिल्ले बाहेर येऊन पाण्याकडे धावतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 मध्ये या घरट्यांच्या संरक्षणाला सुरुवात केली आणि 2006 पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी सोडली जातात. किती निघतील हे कुणी सांगू शकत नाही. कधी पंचवीस, कधी एकही नाही. पाहुण्यांनी दोरीच्या मागे उभे राहायचे आणि प्रकाश टाकायचा नाही, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात आणि बॅटरी किंवा फ्लॅश त्यांना वाट चुकवतो. पावसाळ्याचेही असेच आहे. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, मेच्या अखेरीपासून जलक्रीडा आणि किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या थांबतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून नवा हंगाम सुरू होतो. त्या काळात किनाऱ्यावर जाऊच नये असे नाही. कोकणातले सडे, म्हणजे कातळाची पठारे, त्या दिवसांत हिरवे होतात, पुढे फुलांनी भरतात, आणि त्यांवरची कातळशिल्पे पाहायला मात्र पाऊस ओसरल्यावर जावे. पण जुलैत समुद्रात उतरण्याचा हट्ट करू नये. दिवाळीनंतर गढूळपणा निवळला की मालवणच्या पाण्यात स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचे दिवस येतात. तिथला सुमारे 29 चौरस किलोमीटरचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. त्यातले प्रवाळ हे जिवंत प्राण्यांच्या वसाहती आहेत. त्यांवर पाय ठेवला, तुकडा मोडला किंवा नांगर टाकला की वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात जाते.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. नोकरदार माणसाला सुट्टी तिथीप्रमाणे मिळत नाही. शनिवार-रविवार आणि मुलांच्या परीक्षा यांतून दोन दिवस काढताना पंचांग कुठे पाहत बसायचे? आक्षेप खरा आहे, पण तो तारखेपुरता खरा आहे. तारीख बदलता आली नाही तरी त्या तारखेत काय करायचे ते बदलता येते. शनिवारी अष्टमी आली तर सकाळी भरल्या खाडीत होडी आणि दुपारी पाणी उतरल्यावर खडपे पाहावीत; पौर्णिमा आली तर संध्याकाळ पुळणीला द्यावी आणि दुपारच्या भरतीनंतर पाणी ओढू लागते तेव्हा बाहेर राहावे. मुक्कामाच्या दोन दिवसांत चार भरत्या आणि चार ओहोट्या येणारच आहेत. कोणती कशासाठी वापरायची एवढेच ठरवायचे असते. उलट तिथी न पाहता आखलेल्या सहलीत बरेचदा असे होते की कुटुंब संध्याकाळी किनाऱ्यावर पोहोचते तेव्हा वाळू उरलेली नसते, आणि जेवून झोपलेले असते तेव्हा ती मोकळी पडलेली असते.

दुसरा आक्षेप असा की आता फोनवर सगळे कळते, मग जुन्या हिशेबाचे कौतुक कशाला? फोनवर वेळ कळते हे चांगलेच आहे, आणि ती पाहावीच. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, त्यांकडेही लक्ष द्यावे. पण तक्ता पाणी किती चढेल ते सांगतो. या गावात, या ऋतूत, वाळूचा दांडा कुठे सरकला आहे आणि ओढ कुठून जाते आहे ते सांगत नाही. ते ज्ञान तांडेलाकडे असते, रापणकरांकडे असते. मालवणच्या पट्ट्यात रापण अजून ओढली जाते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात, आणि मासळी सर्वांच्या वाट्याने वाटली जाते. रोज त्याच पाण्यात जाळे टाकणाऱ्या माणसाला तळाची वाळू आणि पाण्याची चाल हाताने कळते. म्हणून किनाऱ्यावर उतरल्यावर पहिला प्रश्न खोलीच्या भाड्याचा नसावा. ‘काका, आज पाणी कसं आहे?’ हा असावा, आणि उत्तर ‘आज नको’ असे आले तर ते मानावे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो पोटाचा आहे. सिंधुदुर्ग 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मासळी घटत असताना आणि तरुण मुंबईकडे जात असताना बनाना राइड, पॅरासेलिंग आणि वॉटर स्कूटर यांतून हजारो घरांची चूल पेटते. त्यांना वेळेचे आणि ऋतूचे बंधन घातले तर त्यांनी खायचे काय? हा प्रश्न उडवून लावता येणार नाही, आणि या खेळांवर बंदी घालावी असेही माझे म्हणणे नाही. पण हिशेब नीट मांडला पाहिजे. दोन तास यंत्रावर बसून पाहुणा संध्याकाळी परत निघाला, तर गावात राइडचे पैसे आणि एक जेवण एवढेच राहते. पहाटेची ओहोटी पाहायची तर त्याला आदल्या रात्री राहावे लागते. संध्याकाळची पिल्ले पाहायची तर अजून एक रात्र. वेळासमध्ये घराघरांत पाहुणे उतरू लागले ते याच कारणाने. वेंगुर्ल्याजवळ मांडवीच्या खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाच्या स्त्रिया स्वतः वल्ही मारून लोकांना कांदळवन दाखवतात. या उद्योगांत मोठे यंत्र नाही, कर्जही मोठे नाही, आणि ज्ञान गावाचेच आहे. ज्या किनाऱ्यावर गाड्या फिरवल्या जातात तिथे वाळू दबते, खेकड्यांची बिळे आणि कासवांची घरटी चिरडतात, आणि भरती चढू लागली की तीच घट्ट वाळू चाकाखाली सैल होऊन गाडीही गिळते. असा किनारा दहा वर्षांनी पाहुण्याला काय दाखवणार? समुद्राच्या वेळेने चालणारे पर्यटन गावाची कमाई घटवत नाही, ते पाहुण्याला थांबवून ठेवते.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळे सरकारचे काम आहे, पर्यटकाच्या डोक्यावर कशाला? जीवरक्षक, प्रमाणित बोटी, लाइफ जॅकेट, स्वच्छता ही सरकारची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे, यात शंका नाही. 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या श्रीवर्धन, नागाव, पर्णका, गुहागर आणि लाडघर या पाच किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. त्याच्या निकषांत पाण्याची शुद्धता आणि सुरक्षा दोन्ही येतात, म्हणून त्याचे स्वागत करावे. पण राज्याचा किनारा सुमारे 720 किलोमीटर मोजला जात आला आहे, आणि प्रत्येक पुळणीवर प्रत्येक तासाला पहारा ठेवणे कुणालाच शक्य नाही. म्हणून एक साधी मागणी करावीशी वाटते. किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक फळा असावा. त्यावर रोज सकाळी तिथी, भरती आणि ओहोटीच्या वेळा आणि ‘आज पोहावे की नाही’ हे एका वाक्यात लिहिलेले असावे. लिहिणारा गावातला मच्छीमार असावा आणि त्याला त्याचे मानधन मिळावे. रंगीत कमानी आणि सेल्फीच्या चौकटी उभारायला जो खर्च होतो, त्याच्या छोट्या हिश्शात हे काम होईल, आणि बुडणारा एक जीव वाचला तरी त्याची परतफेड झाली.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेत आपल्या आधीच्या माणसांनी हीच शिकवण बांधून ठेवली आहे. ती वाट वर्षानुवर्षे तशीच राहिली, कारण पाणी चढले की माणसाने थांबायचे, हे तिथे ठरलेलेच आहे. आठवड्याच्या सुट्टीत आलेल्या पाहुण्याला तो थांबण्याचा वेळ वाया गेल्यासारखा वाटू शकतो. पण त्याच वेळात खडपावर बसून तो पाणी उतरताना पाहतो, एकेक खडक कसा वर येतो ते पाहतो, काठावर जाळे निवडणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलतो. पुढच्या सहलीचा बेत आखताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी दोन मिनिटे उभे राहावे, तिथीचा आकडा पाहावा आणि त्याची पाऊणपट करावी. किनारा आपल्याला केव्हा बोलावतो आहे, ते त्यातून कळेल.